काटा चुकतोय, पण बिघाड कुठे आहे?

खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना गाडीच्या पेट्रोलच्या काट्याकडे कधी लक्ष दिलंय? चढणीला टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि काटाही हलतो. पेट्रोल तेवढंच असतं, बदलतं ते फक्त मोजमाप. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हा फरक आधीच समजून घ्यावा, म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेऊ: घरी बांधलेल्या विमानातला इंधनाचा सेंडर.

घरी विमान? हो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली.

अशा छोट्या विमानांत इंधन मोजायची सोय बरेचदा गाडीसारखीच असते. टाकीत फ्लोट तरंगतो, त्याची दांडी वरखाली होते आणि त्यानुसार विद्युत रोध बदलतो. हा झाला सेंडर. एका प्रचलित प्रकारात रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम, भरलेल्या टाकीला सुमारे ३३. म्हणजे मीटर इंधन मोजतच नाही, तो रोधावरून अंदाज देतो.

आता समजा, टाकी भरलेली आहे आणि काटा ‘रिकामी’ म्हणतोय. लगेच नवा सेंडर मागवायचा? थांबा. आधी टाकी घट्ट बंद करून आणि स्विच बंद ठेवून सेंडरची वायर काढा. स्विच चालू केल्यावर काटा रिकाम्याकडे हवा. पुन्हा स्विच बंद करून तीच वायर अर्थला जोडा. आता काटा भरल्याकडे जायला हवा. तसं झालं तर वायर आणि मीटर ठीक आहेत. उरला सेंडर किंवा त्याचा अर्थ. अर्थ गंजला असेल तर रोध वाढतो आणि काटा कमी दाखवतो. मग सेंडर बदलूनही चूक जागच्या जागी!

चुकीची दिशाही बघा. कमी दाखवणारा काटा फार तर लवकर उतरायला लावेल. पण वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर काटा कायम ‘भरलेली’ दाखवेल. ती चूक जिवावर बेतते.

सेंडरच गेला असेल, तर इंधन काढा, नव्या गॅस्केटसह नवा बसवा, गळती तपासा. काम इथे संपत नाही. विमान उडताना असतं तशा पातळीत आणून, मोजून पाच-पाच लिटर ओता आणि प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते लिहा. टाकीचा आकार सरळसोट नसतो, त्यामुळे अर्ध्यावरचा काटा म्हणजे अर्धी टाकी असेलच असं नाही. तळाशी राहणारं, इंजिनापर्यंत न पोचणारं इंधन शून्यातच धरायचं.

उड्डाणाआधी टाकीत मोजपट्टी घालून स्वतंत्र पडताळणीही हवी. पण तीसुद्धा डोळसपणे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ चे इंधनमापक बंद होते. इंधन पट्टीने मोजलं, मात्र हिशोबात किलोऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेतलेलं ते विमान हवेतच कोरडं पडलं. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, म्हणून सगळे वाचले.

तुमची प्रश्नावली, तुमचा सेन्सर, तुमची चाचणी हेही सेंडरच आहेत. आराखडा लिहिताना तीन गोष्टी नोंदवा: साधन प्रत्यक्षात काय मोजतं, ते कोणत्या दिशेने चुकू शकतं आणि दुसऱ्या कुठल्या मार्गाने ते पडताळाल. तिसरा रकाना कोरा राहिला, तर माहिती गोळा करायला अजून निघू नका.