चालती गाडी बंद का होते?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात मोटारगाडीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मोटार हा विषय यंत्रशास्त्राचा. आपला संबंध फार तर एस.टी.च्या पासापुरता! परंतु अर्थशास्त्राच्या तासाला ‘मागणी’ हा शब्द आला की माझ्या मनात एक शंका हटकून येई. ज्या वस्तूवर तिचे मालक जीव टाकतात, ती वस्तू बाजारातून नाहीशी कशी होते? वस्तू वाईट असेल तर प्रश्नच नाही. पण गाडी उत्तम, मालक खूश, आणि तरीही कारखाना म्हणतो, ‘आता पुरे.’ हे कसे? हे कोडे सोडवायला मी उदाहरण घेतले ते पूर्वी मराठवाड्यातच जोडणी होत असलेल्या एका गाडीचे. तिचे नाव ऑक्टाव्हिया.

धाराशिवहून बीडमार्गे छत्रपती संभाजीनगर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्या शहराजवळ जालना रस्त्यावर शेंद्रा औद्योगिक वसाहत आहे. झेक प्रजासत्ताकातील स्कोडा कंपनीने २००१ साली येथे भारतातला आपला कारभार सुरू केला आणि पहिली गाडी आणली ती ऑक्टाव्हिया. नाव लॅटिन वळणाचे, अर्थ ‘आठवी’. कंपनीने ते १९५९ साली प्रथम वापरले होते. पुढे १९९१ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाने या कंपनीत भांडवल घातले आणि १९९६ साली युरोपात ऑक्टाव्हिया नव्या रूपात अवतरली. तीच गाडी सुट्या भागांच्या रूपाने शेंद्र्याला येऊ लागली आणि मराठवाड्यातील पोरांच्या हातून जोडली जाऊ लागली.

ही गाडी सेडान जातीची, म्हणजे बुटकी, लांबट आणि मागे ऐसपैस डिकी असलेली. २००४ साली तिचाच ‘आर.एस.’ नावाचा चपळ अवतार येथे आला. त्याचे इंजिन १.८ लिटरचे, टर्बो जोडलेले आणि १५० अश्वशक्तीचे. मारुती ८०० चे इंजिन ४० अश्वशक्तीच्याही आतले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळेल. दिसायला घरगुती आणि धावायला शर्यतीची, अशा गाडीला ‘स्पोर्ट्स सेडान’ म्हणतात. पहिली ऑक्टाव्हिया २०१० मध्ये थांबली. दुसरी पिढी येथे २००५ पासून ‘लॉरा’ या नावाने विकली जात होती. २०१३ मध्ये तिसरी पिढी पुन्हा जुन्या नावाने आली, जून २०२१ मध्ये चौथी आली, आणि २०२३ मध्ये ऑक्टाव्हियाची विक्री भारतात थांबली. युरोपात मात्र ती चालूच राहिली.

आता मालकांकडे वळू. माझे मामा उमरग्याला, सोलापूर–हैदराबाद महामार्गालगत गॅरेज चालवतात. त्यांच्या ओळखीने मी तीन ऑक्टाव्हियावाल्यांशी बोलले.

पहिले धाराशिवचे एक डॉक्टर. त्यांच्याकडे पहिल्या पिढीची डिझेल गाडी आहे, २००७ साली कोरी घेतलेली. “गाडी रस्त्याला धरून चालते. सोलापूरहून रात्री परत येताना झोप येते, पण भीती वाटत नाही,” असे ते म्हणाले. (झोपेबद्दल त्यांच्या पत्नीचे मत निराळे होते.) एमएच २५ क्रमांकाची ही गाडी १५ वर्षांची झाली तेव्हा त्यांनी पर्यावरण कर भरून तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली.

दुसरे तुळजापूर तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार. त्यांची गाडी तिसऱ्या पिढीची, पण वापरलेली घेतलेली. त्यांचे प्रेम इंजिनावर नाही, डिकीवर आहे. या गाडीच्या डिकीचे झाकण मागच्या काचेसकट वर उघडते, त्यामुळे आत पोत्यांपासून ठिबकच्या नळ्यांच्या गुंडाळ्यांपर्यंत काहीही मावते. त्यांची तक्रार एकच : शेताकडच्या रस्त्यावरचे गतिरोधक. तेथे गाडीचे पोट घासते. “तिथं बायकापोरांना खाली उतरवून गाडी काढावी लागते,” असे त्यांनी हसत सांगितले.

तिसरे उमरग्याचे एक तरुण व्यापारी. त्यांची पेट्रोल गाडी तिसऱ्या हाताची. रविवारी पहाटे मोकळ्या महामार्गावर नळदुर्गपर्यंत जाऊन चहा पिऊन परत येणे, एवढाच त्यांचा छंद. “विकत मागायला लोक येतात. पण मी देणार नाही,” हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर तीनदा उच्चारले.

तिघेही समाधानी, तिघेही अभिमानी. मग मी वहीत एक साधा हिशेब मांडला. या तिघांनी मिळून कारखान्याकडून कोऱ्या गाड्या किती घेतल्या? एक! तीही २००७ साली. कोड्याची पहिली किल्ली मला येथे सापडली. कारखाना प्रेम मोजत नाही, नवी खरेदी मोजतो. ज्या मालकाची गाडी अठरा वर्षे टिकते तो गाडीची थोरवी गातो, पण दुसरी घ्यायला येत नाही. आणि जो वापरलेली घेतो त्याचे पैसे जुन्या मालकाच्या खिशात जातात, कारखान्याच्या नव्हे.

दुसरी किल्ली अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे. तिचे नाव स्थिर खर्च. गाडी एक विकली काय किंवा लाख विकल्या काय, काही खर्च करावाच लागतो : आराखडा, चाचण्या, सरकारी मंजुरी. समजा, नव्या नियमांत गाडी बसवायला १० कोटी रुपये लागतात. गाड्या १ लाख खपणार असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १,००० रुपये येतात. पण १,००० च खपणार असतील तर प्रत्येकीवर १ लाखाचा बोजा पडतो. आकडे माझ्या कल्पनेतले, पण गणित खरे आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराबाबतचे भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. त्यांचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून आला. त्यात प्रयोगशाळेतील चाचणीबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना गाडी किती धूर ओकते हेही मोजायचे ठरले. थोड्या खपणाऱ्या गाड्यांसाठी हा खर्च परवडेना. त्या सुमारास अनेक कंपन्यांच्या अशा गाड्या बंद झाल्या. ऑक्टाव्हिया आणि तिची थोरली बहीण सुपर्ब या त्यांतल्याच. नियम चुकीचा होता असे नव्हे. स्वच्छ हवा सर्वांनाच हवी. पण तिची किंमत थोडक्या खपाच्या गाडीला अधिक मोजावी लागते.

तिसरे कारण डिझेलचे. आपल्यासारख्या जिल्ह्यात मोठे रुग्णालय, बाजारपेठ, विमानतळ सारेच दूर. पुणे, सोलापूर, हैदराबाद अशा फेऱ्या करणाऱ्याला मोठी गाडी परवडायची ती डिझेलवरच. डॉक्टरांनी ऑक्टाव्हिया घेतली ती याच हिशेबाने. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलमधील तफावत घटत गेली. नंतर २०२० च्या नियमांबरोबर फोक्सवॅगन समूहाने भारतात डिझेल इंजिने देणेच थांबवले. उरली ती केवळ पेट्रोल गाडी. म्हणजे आपल्या भागातील जो मोजका ग्राहक होता, त्याचे कारणच गेले.

चौथे कारण करांचे आणि उंचीचे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरहून आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. ऑक्टाव्हियाची लांबी पावणेपाच मीटरच्या आसपास. वस्तू व सेवा कर आल्यावर अशा मोठ्या सेडानवर काही वर्षे उपकरासह ४८ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. चौथ्या पिढीची गाडी २०२१ साली जवळपास २६ लाखांपासून पुढे होती, नोंदणी आणि विमा वेगळा. एवढे पैसे मोजणारा माणूस आपल्याकडे काय पाहतो? खड्ड्यांतून सहज जाणारी, सात माणसे बसणारी, लांबून दिसणारी उंच गाडी. लग्नाच्या मांडवापुढे किंवा बाजार समितीच्या आवारात स्कॉर्पिओ, इनोव्हा, फॉर्च्युनर यांचा जो रुबाब आहे तो बुटक्या सेडानला नाही. डॉक्टरांच्या मुलाने गाडी घेतली तीही उंचच. गतिरोधक आणि प्रतिष्ठा या दोघांनी मिळून हा निकाल लावला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याच सुमारास कंपनीने आपली वाटही बदलली. भारतासाठी वेगळा आराखडा करून, बहुतेक भाग येथेच बनवून, पुण्याजवळच्या चाकण येथे गाड्या करायच्या, असे ठरले. त्यातून २०२१ मध्ये कुशाक ही उंच गाडी आणि २०२२ मध्ये स्लाव्हिया ही लहान सेडान निघाली. जे भांडवल आणि मनुष्यबळ एका कामी लागते ते दुसऱ्या कामी लागू शकत नाही. आमच्या पुस्तकात यालाच संधित्याग खर्च म्हणतात.

येथवर झाला कारखान्याचा हिशेब. पण मालकाचा हिशेब गाडी बंद झाल्यावर सुरू होतो. त्याने गाडी घेतली तेव्हा केवळ लोखंड घेतले नव्हते. पुढची पंधरा वर्षे सुटे भाग मिळतील आणि कोणी जाणता हात मिळेल, हा भरवसाही घेतला होता. तो भरवसा किती टिकतो, यावरच गाडीचे आयुष्य ठरते.

येथे आपली प्रीमियर पद्मिनी आठवावी. १९६४ पासून ती मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० या नावाने बनत होती. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले. नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून अखेरची पद्मिनी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती काळीपिवळी धावली. कारखाना बंद, पण टॅक्सी चालू! कारण तिचे यंत्र साधे, तिचे भाग बाजारात सहज मिळणारे आणि ती उघडून जोडू शकणारे मेकॅनिक गल्लोगल्ली. मामा म्हणतात, “पद्मिनी पान्यानं दुरुस्त व्हायची. आताच्या गाडीला आधी संगणक लावावा लागतो. तो सांगेल ते दुखणं.” आधुनिक गाडीचे दोन क्लचचे स्वयंचलित गिअरबॉक्स, तिची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे यांना खास उपकरणे आणि शिक्षण लागते. ते उमरग्यात नसले तर गाडी सोलापूर किंवा पुण्याला न्यावी लागते.

तरीही ऑक्टाव्हियाच्या मालकांनी धीर सोडण्याचे कारण नाही. ती जगात अन्यत्र बनते आहे, आणि तिची इंजिने व गिअरबॉक्स त्याच समूहाच्या फोक्सवॅगन आणि ऑडी गाड्यांतही वापरलेले आहेत. अशी सामायिक यंत्रणा असलेली गाडी नावाने बंद झाली तरी भागांनी जिवंत राहते. खरी अडचण येते ती केवळ तिच्याच अंगावर बसणाऱ्या वस्तूंची : दिवे, काचा, बंपर, आतील पट्ट्या. म्हणून बंद झालेली गाडी घेऊ पाहणाऱ्याने वेगाची चौकशी नंतर करावी. आधी विचारावे, इंजिन आणखी कोणत्या गाडीत आहे? जवळचा जाणकार मेकॅनिक किती किलोमीटरवर आहे? समोरची काच फुटली तर कोठून येईल?

या कथेला अलीकडे आणखी एक वळण मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑक्टाव्हिया आर.एस. पुन्हा भारतात आली, पण शेंद्र्यात जोडून नव्हे. पूर्ण बांधलेल्या अवस्थेत परदेशातून आणलेल्या अवघ्या १०० गाड्या, किंमत ४९ लाख ९९ हजार. त्या हातोहात संपल्या. यावरून कोणी म्हणेल, पाहा, मागणी होती! होती, पण किती? एवढ्या मोठ्या देशात शंभर गाड्यांची. शंभर गाड्या आणून विकता येतात; शंभर गाड्यांसाठी कारखान्यातील ओळ चालवता येत नाही.

तात्पर्य, गाडी वाईट म्हणूनच बंद होते असे नाही. मालकाच्या वहीत किती वर्षे साथ दिली ते लिहिलेले असते आणि कारखान्याच्या वहीत यंदा किती खपल्या ते. दोन्ही वह्या खऱ्या आहेत. त्यांची बेरीज मात्र सारखी येत नाही. केंद्राने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत आपला जिल्हा आहे. पन्नास लाखांची गाडी हा आपल्यापैकी बहुतेकांचा प्रश्न नव्हे, हे मला कळते. पण पाण्याचा पंप, ट्रॅक्टर, शिवणयंत्र, भ्रमणध्वनी यांपैकी काही ना काही आपण प्रत्येकजण घेतोच, आणि तेही कोणाच्या तरी वहीत ‘परवडत नाही’ म्हणून एक दिवस बंद होते. अशा वेळी वस्तू चालू ठेवतो तो कारखाना नव्हे, तर जवळचा कारागीर. मामांच्या गॅरेजात सध्या दोन मुले कामाला आहेत. त्यातला एक पाना शिकतो आहे आणि दुसरा संगणक. मामा दोघांनाही सांगतात की एकमेकांचे काम शिकून घ्या. मला वाटते, अर्थशास्त्राच्या तासाला सुटलेला एक धडा ते उमरग्यात पुरा करून घेत आहेत.