टनभराची पिशवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भंडारदऱ्याहून प्रवरेच्या काठाकाठानं खाली येऊ लागलं की माणसं आपला माल कशात भरतात, ते बदलत जाताना दिसतं. वर घाटघर, रतनवाडीच्या बाजूला भाताची खाचरं. तिथल्या घरात कणगी असते, विणलेली आणि शेणानं सारवलेली. ती भरायची, लागेल तसं त्यातून काढायचं, पण ती स्वतः जागची हलत नाही. खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे आलं की ऊस लागतो आणि उसाबरोबर साखरेचं पोतं येतं. आणि याच पट्ट्यात गोठ्यांच्या कडेला अलीकडे एक तिसरीच वस्तू दिसू लागली आहे. माणसाच्या छातीपर्यंत येणारी, पांढऱ्या विणलेल्या कापडाची, वर धरायला पट्टे असलेली भली मोठी पिशवी. तिच्यात मुरघास भरलेला असतो आणि वजन असतं अर्ध्या टनापासून एक टनापर्यंत.

कारखान्यांत आणि बंदरांवर हिला जंबो बॅग म्हणतात. सिमेंट, साखर, खतं, खनिजं, प्लॅस्टिकचे दाणे असा सुटा माल हिच्यात भरून क्रेननं किंवा फोर्कलिफ्टनं उचलतात. मी कवितेच्या वाटेचा माणूस, शिक्षण बी.ए.चं, यंत्रं काही माझा प्रांत नव्हे. पण दोन-अडीच किलो वजनाचं कापड हजार किलोंचं ओझं कसं पेलतं, हा प्रश्न कुणालाही पडावा असा आहे. आणि त्या ओझ्याच्या आसपास माणसं वावरत असतात, म्हणून त्याचं उत्तर निदान थोडक्यात तरी सगळ्यांना ठाऊक असलेलं बरं.

आधी थोडं मागचं सांगतो. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. उंची सुमारे ८२ मीटर, पाणी ११ टीएमसी. हे पाणी नदीनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून दोन कालव्यांनी शेतात जातं. त्या पाण्यावर ऊस वाढला. लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या खटपटीची हकिगत आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. पण कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक पोतं कुणीतरी पाठीवर घेत होतं, याची आठवण कमी जणांना असते. त्या काळी पोतं म्हणजे शंभर किलो. गडी साठ किलोंचा आणि ओझं शंभर किलोंचं. पन्नाशीच्या आत गुडघे आणि कंबर गेलेले हमाल प्रत्येक बाजारपेठेनं पाहिले आहेत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली शिफारस केली, की एका पुरुषानं अंगावर वाहायचं ओझं ५५ किलोंच्या वर असू नये. आपल्याकडे अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. हळूहळू शंभराचं पोतं पन्नासावर आलं. जंबो बॅग ही त्याच्या पुढची पायरी. पन्नास किलोंची वीस पोती एका पिशवीत जातात आणि ती माणसानं उचलायचीच नसते.

लवचीक पिशवीनं मोठं ओझं वर काढणं आपल्याला नवं आहे असं मात्र समजू नका. विहिरीवरची मोट आठवा. चामड्याची पिशवी, तोंडाला लोखंडी कडं, त्याला जाड नाडा, आणि खाली सोंड. सोंडेला वेगळी बारीक दोरी, सोंदूर. बैल धावेवरून खाली जात, मोट वर येई आणि थारोळ्याशी पोचली की सोंड मोकळी होऊन पाणी आपोआप पडे. मोट उलटी करावी लागत नसे. आजच्या जंबो बॅगेच्या बुडालाही अशीच कापडी सोंड असते. बॅग टांगलेली असताना दोरी सोडायची, की माल खालच्या हौदात उतरतो. आमच्या मोहल्ल्यात पूर्वी पखाली पाणी घालत. त्यांच्या पखालीचं तोंडही असंच दोरीनं आवळलेलं असे. सामान बदललं, युक्ती तीच राहिली.

आता सामानाकडे वळू. ही पिशवी पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची. दाणे वितळवून त्याचा पातळ पापुद्रा काढतात, तो चिरून अरुंद पट्ट्या करतात आणि त्या गरम करून मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणतात. या ताणण्यात सगळी करामत आहे. प्लॅस्टिकच्या आतल्या लांब साखळ्या आधी गुंतवळासारख्या पडलेल्या असतात. ताणल्यावर त्या एका दिशेला सरळ होतात आणि पट्टी कितीतरी बळकट होते. मग मागावर आडवं-उभं विणून कापड तयार होतं. १९७०च्या दशकात युरोपातून आखाती देशांत बांधकामासाठी सिमेंट जाऊ लागलं, तेव्हा या कापडाच्या पिशव्यांचा खरा फैलाव झाला. आज त्या मोठ्या प्रमाणावर परदेशी पाठवणाऱ्या देशांत भारत आहे.

पिशवी आखायला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो: आत काय भरणार? कारण टनाला जागा किती लागते, ते मालावर ठरतं. टनभर कोरडी वाळू साधारण ०.६ घनमीटरमध्ये बसते, साखरेला सुमारे १.२ घनमीटर लागतात आणि भाताला, म्हणजे साळीला, १.७च्या आसपास. साळीसाठी बेतलेली पिशवी वाळूनं काठोकाठ भरली, तर तिच्यात अडीच टनांहून जास्त वजन होईल. वापरलेल्या पिशव्या बाजारातून आणून वाटेल ते भरणाऱ्यांनी एवढं एक गणित ध्यानात ठेवावं.

दुसरा प्रश्न आकाराचा. समजा, बूड ९० सेंटिमीटर चौरस आहे. म्हणजे घेर ३६० सेंटिमीटर. सुटा माल आतून सगळीकडे सारखा ढकलतो, आणि कापडाला तर कडा धरून उभं राहणं माहीत नाही. मग चौकोनी पिशवी फुगून गोल होते. ३६० सेंटिमीटर घेराच्या वर्तुळाची रुंदी होते सुमारे ११५ सेंटिमीटर. बाजूला पंचवीस सेंटिमीटर वाढले! जहाजावर जाणाऱ्या कंटेनरची आतली रुंदी २३५ सेंटिमीटर असते. म्हणजे अशा दोन पिशव्या शेजारी शेजारी जेमतेम बसतात. याला तोड म्हणून काही पिशव्यांच्या चारी कोपऱ्यांत आतून तिरप्या कापडी पडद्या शिवतात. त्यांना भोकं ठेवलेली असतात. माल भोकांतून कोपऱ्यात जातो आणि पडद्या बाजूंना आत ओढून धरतात. पिशवी चौकोनी राहते आणि थप्पीही नीट लागते.

तिसरा प्रश्न पट्ट्यांचा, आणि खरा जीव इथेच टांगलेला असतो. चार पट्टे आणि हजार किलो, म्हणजे प्रत्येकावर अडीचशे किलो, हे शाळकरी गणित. पट्टे सरळ उभे असले तरच ते खरं. चारही पट्टे एकाच आकड्यात अडकवले की ते तिरपे होतात आणि ताण वाढतो. उभ्या रेषेपासून ३० अंश तिरपा झाला तर पट्ट्यावर सुमारे २९० किलो येतात, ४५ अंशांना ३५०च्या वर आणि ६० अंशांना थेट ५००. त्यातून एखादा पट्टा लांब-आखूड असला, की समोरासमोरचे दोनच पट्टे सगळं ओझं घेतात आणि उरलेले दोन नुसते शोभेला. घाईत तीनच पट्टे अडकवून पिशवी उचलणं किती महागात पडेल, ते यावरून समजावं.

म्हणून आखणारा माणूस पाचपट हिशेब धरतो. एक टनाची, एकदाच वापरायची पिशवी पाच टनांना टिकली पाहिजे. ‘आयएसओ २१८९८’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००४ साली आलं. त्यातल्या चाचणीत अशा नमुन्याच्या पिशवीवर तीस वेळा दुप्पट भार देतात आणि मग तो पाचपटीपर्यंत नेतात. पुन्हापुन्हा वापरायच्या पिशवीला सत्तर वेळा चौपट आणि शेवटी सहापट. कुणी म्हणेल, एवढी उधळपट्टी कशाला? पण फोर्कलिफ्टनं खड्ड्यात आपटी खाल्ली की क्षणभर ओझं कितीतरी वाढतं. शिवणीत सुईनं कापडाला भोकं पाडलेली असतात, तिथे कापड मुळातच उणं असतं. ट्रकच्या फळीला घासून पट्टे झिजतात. या सगळ्याची भरपाई त्या पाचपटीतून होते. ‘पाच टनांना टिकते, मग दोन टन भरले तर काय झालं?’ असं म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर काटकसर करत असतो.

चौथा प्रश्न उन्हाचा. तागाचं पोतं पाण्यानं कुजतं. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही. भंडारदऱ्याच्या पावसातही ते कुजणार नाही. विणीतून पाणी आत शिरतं खरं, पण त्यासाठी कापडाला प्लॅस्टिकचा लेप देतात किंवा आत अस्तराची पिशवी घालतात. त्याचा वैरी आहे ऊन. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्या ताणलेल्या साखळ्या तुटत जातात. म्हणून दाण्यांतच संरक्षक द्रव्य मिसळतात. चाचणीत २०० तास अतिनील प्रकाशाखाली ठेवल्यावर कापडाची निम्मी तरी ताकद उरावी लागते. निम्मी! म्हणजे पास झालेली पिशवीदेखील उघड्यावर कायमची ठेवायची वस्तू नाही. दोन उन्हाळे बांधावर पडलेल्या पिशवीचा पट्टा नखानं घासला आणि भुगा निघाला, तर तिनं उचलायचं काम थांबवावं.

पाचवा प्रश्न ठिणगीचा. बारीक कोरडा माल वेगानं ओतला की घर्षणानं स्थिर वीज साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना होते ती चटचट, तिचंच मोठं रूप. पीठ, साखर यांची बारीक धूळ हवेत दाट झाली तर तिचा स्फोट होऊ शकतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन चौदा माणसं दगावली. तिथलं कारण पिशवी नव्हतं. पण साखरेची धूळ काय करू शकते, ते जगानं पाहिलं. म्हणून या पिशव्यांचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. साधी ए. सी प्रकारात वीज वाहून नेणारे धागे विणलेले असतात आणि भरताना व रिकामी करताना ती तारेनं जमिनीशी जोडावीच लागते. तार जोडायची राहिली, तर तीच पिशवी साध्या पिशवीहून धोक्याची ठरते.

आता पुन्हा आपल्या मुरघासाकडे. मका चिकात असताना तोडायचा, कुट्टी करायची, पिशवीत तुडवून तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधायचं. साधारण दीड महिन्यात चारा तयार. इथे पिशवीची दोन कामं दोघांनी वाटून घेतलेली असतात. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर हवा अडवतं, बाहेरचं विणलेलं कापड जोर सोसतं. अस्तराला उंदरानं एक भोक पाडलं तरी तिथून बुरशी धरते. पण मुरघासाची पिशवी मुळात जागेवर भरून जागेवरच संपवायची, आपल्या कणगीसारखी. तिला पट्टे आहेत म्हणून ती ट्रॅक्टरला किंवा जेसीबीच्या बकेटच्या दाताला टांगून न्यावी, असं होत नाही. लोखंडी दाताच्या धारेवर पट्टा सुरीखाली दोरा यावा तसा येतो. उचलायचीच असेल तर ती उचलण्यासाठी बनवलेली आहे का ते पाहावं, आणि आकडा गोल, गुळगुळीत असावा.

हे पाहायला अभियंता लागत नाही. पिशवीला एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर सुरक्षित वजन किती, पाचास एक की सहास एक, आणि कधी बनवली, एवढं असतं. पाचास एक लिहिलं असेल तर ती एकदा भरून, एकदा रिकामी करून उचलण्याच्या कामातून बाद. चिठ्ठीच फाटलेली असेल तर तिनं वजन उचलू नये. आधी तिच्यात काय होतं, ते कळत नसेल तर तिच्यात धान्य किंवा चारा भरू नये. रसायनाचा अंश धुऊन जातोच असं नाही. आणि पिशवी अधांतरी असताना तिच्याखाली डोकं सोडाच, हातही जाता कामा नये. सोंडेची गाठ सोडायला खाली हात घालावाच लागत असेल, तर पिशवीला आधी खालून टेकू हवा.

या पिशवीनं हमालाची पाठ वाचवली, हे खरं. जिथे वीस खेपा होत होत्या तिथे फोर्कलिफ्टची एक खेप झाली, आणि त्या वीस खेपांची मजुरीही गेली, हेही तितकंच खरं. त्याला दुसरं काम कोण देणार, याचं उत्तर कापड आखणाऱ्याकडे नाही. ते बाजार समित्यांकडे, माथाडी मंडळांकडे आणि आपल्या सगळ्यांकडे मागायला हवं. पण जे गडी आजही या पिशव्यांशेजारी काम करतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट आजच करता येईल. पूर्वी ओझं पाठीवर होतं, तेव्हा किती झेपतं ते त्यांचं शरीरच त्यांना सांगत होतं. आता ओझं डोक्यावर टांगलेलं असतं आणि ते किती आहे, हे फक्त ती चिठ्ठी सांगते. ती बहुधा इंग्रजीत असते. ज्याच्या डोक्यावर ती पिशवी जाणार आहे, त्याला ती मराठीत वाचून दाखवणं हे मालकाचं पहिलं काम आहे.