कुणाची गं तू?

अधूनमधून कुठे ना कुठे एक यादी छापून येते. एकट्या-दुकट्या तरुण मंडळींना ओळखी वाढवायला, लग्नाचा विषय न काढता चार दिवस एकमेकांबरोबर हिंडायला राज्यातले उत्तम शहर कोणते, याची. मुंबई पहिली असते, पुणे दुसरे. तिसऱ्या जागेसाठी नाशिक आणि नागपूर यांची ओढाताण चालते. कॅफे किती, मल्टिप्लेक्स किती, रात्री किती वाजेपर्यंत हॉटेले उघडी, असा सगळा हिशेब मांडलेला असतो. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, या यादीत कधीच नसते. नसावे यात नवल नाही. पण कॅफे मोजून या बाबतीत काही कळते, यावर माझा विश्वास नाही. कॅफे आता नगरलाही भरपूर आहेत. सावेडीत गुलमोहर रस्त्यावर संध्याकाळी चक्कर मारा, कॉफी पिणाऱ्यांची कमी दिसणार नाही.

मोजायचेच तर दुसरे काही मोजावे. एखादी मुलगी एखाद्या मुलाशी रस्त्याच्या कडेला अर्धा तास बोलत उभी राहिली, तर तिच्या घरी ती बातमी पोचायला किती वेळ लागतो? मुंबईत ती पोचतच नाही. पुण्यात आठवडाभर लागत असेल, तेही पेठांमध्ये. नगरला मुलगी घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. आणि जामखेड, पाथर्डी, नेवासा या बाजूला तर ती मुलगी बोलायला थांबण्याआधीच कुणीतरी विचारतो, 'कुणाची गं तू?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे बापाचे नाव, आडनाव, गाव आणि आडनावाच्या मागून आपोआप येणारी जात. ज्या गावात हा प्रश्न विचारला जात नाही, ते गाव तरुणांसाठी उत्तम. बाकी कॉफी कुठेही मिळते.

गंमत म्हणजे, या सगळ्या प्रकाराला मराठीत धड शब्दही नाही. 'डेटिंग' हा शब्द आपण इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला, कारण आपल्याकडे जे शब्द होते ते सगळे पंचनाम्यातले. लफडे, भानगड, प्रकरण. थोडा सभ्य माणूस असेल तर 'त्यांचं काहीतरी चालू आहे' म्हणतो, म्हणजे आगीचा बंब बोलवायला हरकत नाही अशा सुरात. 'जमलं' म्हणावे तर ते थेट मांडवाच्या दिशेने जाते. ओळख आणि लग्न या दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबू शकते, हे आपल्या भाषेला मान्यच नाही. त्यामुळे 'आम्ही अजून काही ठरवलेलं नाही, नुसते भेटतो' हे वाक्य नगरच्या मुलीला आईपुढे म्हणायचे असेल तर ती ते म्हणणार कसे? ती 'मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते' असे म्हणते. खोटे बोलते असे नाही. तिच्यापाशी शब्दच तेवढे असतात.

आणि एकमेकांना तीन महिने भेटून मग 'नको' म्हणणाऱ्या दोघांना आपण उथळ म्हणतो, हेही जरा तपासून पाहण्यासारखे आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पाऊण तास बसून, त्यातली दहा मिनिटे गच्चीवर 'तुमचे छंद कोणते' विचारून आयुष्यभराचा होकार देणे हे मात्र गंभीर. असो.

मुंबईची थोरवी मान्य करायलाच हवी. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून, म्हणजेच जगाकडे पाठ करून बसलेली जोडपी ही त्या शहराची खरी श्रीमंती. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असताना प्रेम करायचे कुठे, या प्रश्नाला वांद्र्याचे बँडस्टँड, वरळीचा सी-फेस यांनी उत्तर दिले. ते फुकट दिले, हे महत्त्वाचे. पण मुंबईतही छप्पर मागितले की अडचण येते. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ बेट आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसेक जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढून ठाण्यात नेले. सज्ञान माणसे, स्वतःच्या पैशाने घेतलेली खोली, बंद दार. कलम लावले 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन' केल्याचे, दंड बाराशे रुपये. बंद दाराआडची जागा सार्वजनिक कशी झाली, हे विचारल्यावर मग चौकशीचे आदेश निघाले. दंडापेक्षा वाईट भाग वेगळाच होता. पकडलेल्यांपैकी काहींच्या आईवडिलांना फोन गेले. म्हणजे मुंबईनेही अखेर तोच प्रश्न विचारला. कुणाची गं तू?

पुण्याला मुठेवरचा झेड ब्रिज आहे. तो बांधला दुचाकींच्या वाहतुकीसाठी आणि वापरला जातो दुचाकी उभ्या करून त्यांवर बसण्यासाठी. फर्ग्युसन रस्त्यावर कॉलेजांची, वसतिगृहांची आणि परगावच्या पोरांची इतकी गर्दी आहे की कोण कुणाबरोबर आहे याचा हिशेब ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहे. पुण्याचे खरे बळ हेच. तिथली निम्मी तरुण मंडळी दुसरीकडून आलेली असतात, आणि ओळखीची माणसे एसटीच्या तिकिटाइतकी दूर राहिलेली असतात. त्यांतली पुष्कळशी तिकिटे नगर जिल्ह्यातली.

आता नगर. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेले हे शहर दिसायला काही रुक्ष नाही. शहरापासून पाथर्डीच्या वाटेवर डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत उभी आहे. तिला सगळे 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. प्रत्यक्षात ती चांदबिबीची नाही आणि महालही नाही. निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती कबर. नगरच्या कित्येक पिढ्यांची पहिली भेट या कबरीच्या साक्षीने झाली आहे. कमानींच्या दगडांवर बाण घुसलेले बदाम आणि इंग्रजी आद्याक्षरे कोरलेली आहेत. पुरातत्त्ववाल्यांना त्याचा संताप येणे रास्त आहे, मलाही येतो. पण एक मात्र खरे, की या जिल्ह्यात जी नावे एका कागदावर शेजारी-शेजारी येण्याची शक्यता नव्हती, ती तिथे दगडावर आली आहेत. तिथून खाली पाहिले की सगळे शहर दिसते आणि शहरातून वर कोण बसले आहे ते दिसत नाही. असे ठिकाण नगरमध्ये दुसरे नाही.

बाकी जागा आहेत, पण प्रत्येकीला काही ना काही 'पण' चिकटलेला. भुईकोट किल्ला, जिथे १९४२ ते ४५ या काळात नेहरूंनी बंदिवासात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, तो लष्कराच्या ताब्यात. भिंगार कॅम्पातले रस्ते रुंद, शांत आणि झाडीचे, म्हणूनच तिथे पायी चालणारी दोन माणसे लगेच नजरेत भरतात. फराहबाग सुंदर आणि पडका. डोंगरगणची दरी पावसाळ्यात हिरवीगार, पण श्रावणात तिथे अख्ख्या गल्लीची सहल येते. सिद्धिबागेत आजोबा असतात, आणि ते कुणाचे ना कुणाचे आजोबा असतातच. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला म्हणून जोडपी जातात ती बहुधा पुण्या-मुंबईची. नगरच्या मुलीला रात्रीच्या काजव्यांसाठी घरून परवानगी मिळवायची तर मैत्रिणीकडचा अभ्यास फारच लांबवावा लागेल.

हे शहर मुळात मुलींच्या बाबतीत मागासलेले म्हणावे, तर तेही खरे नाही. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच इथे मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले आणि जिल्ह्यातली मुले-मुली एका वर्गात बसू लागली. वर्गात बसली, वर्गाबाहेर पडल्यावर मुलींनी लेडीज रूमकडे जायचे आणि मुलांनी टपरीकडे, ही वाटणी मात्र पुढे कित्येक वर्षे टिकली.

या वाटणीला पहिला तडा दिला तो, माझ्या मते, एका पन्नास सीसीच्या वाहनाने. कायनेटिकची लूना नगरच्याच कारखान्यातून बाहेर पडायची. सत्तरच्या दशकात ती आली आणि मुलीला क्लासला सोडायला-आणायला भावाची गरज उरली नाही. सावेडी ते माळीवाडा हे अंतर लूनावर दहा-पंधरा मिनिटांचे, पण ते वीस मिनिटांत कापले तरी घरी कोणी विचारायचे नाही. त्या वरच्या पाच मिनिटांत नगरमध्ये किती गोष्टी घडल्या असतील! बायकांच्या मुक्तीवर पुष्कळ ग्रंथ झाले, मोपेडवर एकही नाही. अगदी अलीकडचे उदाहरण एसटीचे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकीट निम्मे झाले. सरकारने ते कशासाठी केले हा भाग वेगळा, परंतु श्रीगोंद्याच्या किंवा शेवगावच्या मुलीला शहर निम्म्या अंतरावर आले, हे नक्की.

इथवरचे सगळे हसतखेळत लिहिता येते. पुढचे येत नाही.

जानेवारी २०१३ च्या पहिल्या दिवशी नेवासा तालुक्यात सोनईजवळच्या एका वस्तीवर मेहतर समाजातल्या तीन तरुणांना मारून टाकण्यात आले. त्यांतला एक जण शिक्षणसंस्थेत काम करत होता, आणि तिथे शिकणाऱ्या सवर्ण मुलीशी त्याची ओळख झाली होती. उरलेले दोघे केवळ त्याच्याबरोबर होते म्हणून गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. दुसरी घटना जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याची. २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारहाण करून ठार केले गेले. मुलीशी बोलला, एवढेच त्याचे कृत्य. प्रेम होते की नव्हते, हेही कुणाला नीट ठाऊक नाही. बोलला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. गावाने ज्या डोळ्यांनी मुलगा मुलीशी बोलताना पाहिला, त्या डोळ्यांना मारहाण दिसली नाही.

त्याच काळात, २०१३ मध्ये, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. चित्रीकरण नगरजवळच्या अकोळनेरचे. त्यातला जब्या शाळेतल्या शालूशी शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही, हे आठवावे. तो जब्या शहाणा होता, असे खर्ड्यानंतर म्हणावेसे वाटते, आणि तसे वाटल्याची लाजही वाटते.

म्हणून या जिल्ह्यात 'सहज भेटणे' ही चैन नाही आणि थिल्लरपणाही नाही. सहज भेटता येणे म्हणजे भेटल्याबद्दल कुणी मरणार नाही एवढी खात्री. ती खात्री कुठे आहे, यावरून शहरांची यादी करावी.

कायदा बराच पुढे गेला आहे. सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खुशबू खटल्यात स्पष्ट केले. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. त्या मंडळींना नगरमध्ये भेटायला जागा कुठे, हा प्रश्न तर अजून विचारलाही गेलेला नाही. पण दिल्लीचा निकाल प्रोफेसर कॉलनीतल्या घरमालकापर्यंत पोचायला वेळ लागतो. तो खोली देताना आधी आडनाव विचारतो, मग 'फॅमिली आहे का' विचारतो. एकट्या मुलाला कशीबशी देतो, एकट्या मुलीला अटी घालून देतो: सात वाजता दार बंद, भाऊ सोडून पुरुष पाहुणा नाही. त्यामुळे नगरमध्ये मुलींना भाऊ फार असतात. शिवाय दोघांनी पुढे खरेच लग्न ठरवले आणि जाती-धर्म वेगळे निघाले, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस निबंधकाच्या कचेरीत लागते. ज्यांना कळू नये म्हणून इतकी वर्षे धडपड केली, त्यांच्यासाठी सरकारी फलकावर महिनाभर जाहिरात.

मोबाइलवरच्या ओळखीच्या अ‍ॅपांनी हे सारे सोपे केले, असे सांगतात. मोठ्या शहरात केले असेलही. ही अ‍ॅप्स किलोमीटरने माणसे शोधतात. मुंबईत पाच किलोमीटरात अनोळखी माणसांचा समुद्र सापडतो. नगरमध्ये पाच किलोमीटरात मामेभाऊ, शाळेतले सर आणि सोसायटीचा चेअरमन सापडण्याची भीती. म्हणून मुली फोटोत सूर्यास्त लावतात, आणि सूर्यास्ताच्या फोटोंवरून माणूस निवडायची पाळी मुलांवर येते.

मुलीच्या आईवडिलांची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. फसवणूक होते, फोटो पसरवले जातात, आणि मुलाचे 'वय' असते तिथे मुलीची 'अब्रू' जाते. किंमत दोघांनी सारखी मोजली असती तर ही भीती अर्धी झाली असती. पण त्या भीतीपोटी सगळ्या वाटा बंद केल्या की उरतात त्या अंधाऱ्या वाटा. महालाच्या मागच्या बाजूला, ओसाड माळावर, जिथे हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. जॉगिंग ट्रॅकवर दिवे असतात, बाके असतात, माणसे असतात. तिथे दोघांनी बसायचे म्हटले की मात्र पहारेकरी शिट्टी वाजवतो.

मग उरते पुण्याची गाडी. शनिवारी सकाळची एसटी पाहावी. मुलगी पुढे चालकाच्या मागच्या बाकावर, मुलगा मागे, खिडकीशी, कानात इअरफोन घालून. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. केडगाव जाते, सुपे जाते. शिरूरला घोडनदीचा पूल लागतो; तिथे जिल्हा संपतो. पूल ओलांडला की मागच्या बाकावरचा मुलगा उठतो, पुढे येतो आणि विचारतो, 'इथे कुणी बसलंय का?'