एका सामन्याचे वर्ष

पावसाने पाठ फिरविली आणि मैदानांवरील चिखल वाळला, की गोमंतकातील महाविद्यालयांत आंतरमहाविद्यालयीन मैदानी खेळांची लगबग सुरू होते. फुटबॉल, क्रिकेट, कबड्डी, खोखो, धावणे, उड्या, फेकी असा भरगच्च कार्यक्रम थोड्या आठवड्यांत उरकावयाचा असतो. विजेत्या संघाचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते, चषक प्राचार्यांच्या दालनातील कपाटात विराजमान होतो आणि गोवा विद्यापीठाचा निवडलेला संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी परगावी रवाना होतो. बहुतेकांच्या लेखी या उपक्रमाची येथेच इतिश्री होते. आम्हांला आज लिहावयाचे आहे ते चषक उंचावणाऱ्यांविषयी नव्हे, तर पहिल्याच दिवशी हरून मुकाट्याने घरी परतणाऱ्या मुलामुलींविषयी.

स्पर्धा बाद पद्धतीने घेतली म्हणजे काय घडते, याचा हिशेब प्राथमिक शाळेतील मुलालाही करता येईल. सोळा संघ उतरले, तर पंधरा सामन्यांत विजेता ठरतो. आयोजकांच्या दृष्टीने याहून सुटसुटीत व्यवस्था नाही. परंतु त्या सोळांपैकी आठ संघ एकच सामना खेळतात, चार संघ दोन, आणि चार सामने केवळ अंतिम फेरीतील दोघांच्या वाट्याला येतात. फुटबॉलचे उदाहरण घेतले, तर आठ संघांचे अठ्ठ्याऐंशी खेळाडू वर्षाकाठी एकदाच महाविद्यालयाचा गणवेश अंगावर चढवितात. त्यांच्यात एखादा उमदा आघाडीवीर असला आणि त्याचा संघ दुबळा असला, तर निवड समितीच्या दृष्टीस तो जेमतेम तासभर पडतो. वर्षभराचा सराव आणि एका सामन्याचे वर्ष! याला क्रीडा-कार्यक्रम म्हणावे की निवडीची चाळणी, हा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो.

हा प्रश्न गोव्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे व मडगावात चौगुले ही महाविद्यालये उभी राहिली. ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्या काळी गोमंतकीय विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात शिरावयाचे, तर मुंबापुरीतील मातबर महाविद्यालयांच्या खेळाडूंशी टक्कर देणे क्रमप्राप्त होते. १९८५ साली गोवा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि ही वाट एकाएकी जवळची झाली. सांखळीच्या वा केप्याच्या मुलाला आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार स्वतःच्या मुलखातच उघडून मिळाले. लहान विद्यापीठाने दिलेले हे मोठे देणे आहे आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

परंतु देण्याबरोबर जोखीमही येते. विद्यापीठ लहान, महाविद्यालये मोजकी. त्यामुळे संघात जागा मिळणे तुलनेने सुलभ, आणि त्या जागेसाठी घासून निघणे तितकेच दुर्मिळ. हाच संघ पुढे पश्चिम विभागात मुंबई, पुणे, कोल्हापूर येथील विद्यापीठांसमोर उभा राहतो. शेकडो महाविद्यालयांतून वेचलेल्या त्या संघांपुढे आमची मुले केवळ संख्याबळात उणी असतात असे नव्हे; अटीतटीचे सामने खेळण्याची सवयही त्यांना कमी असते. संख्या वाढविणे कोणाच्या हाती नाही. सवय लावणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. २०२० साली भुवनेश्वर येथे खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांचा प्रारंभ झाला. त्यांचा मार्गही आंतरविद्यापीठ स्पर्धांतील कामगिरीतूनच जातो. तेव्हा पायरी खालचीच मजबूत हवी.

यावर उपाय नवा नाही. त्याच सोळा संघांचे चार गट पाडून गटवार साखळी सामने खेळविले, तर गटांतील चोवीस, उपान्त्य फेरीचे दोन आणि अंतिम एक, असे सत्तावीस सामने होतात. बाद पद्धतीपेक्षा केवळ बारा अधिक. या बारा सामन्यांच्या मोबदल्यात प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. पहिला सामना हरलेल्या संघाला दुसऱ्या सामन्यात आपली चूक सुधारता येते. खेळापासून काही शिकावयाचे असेल, तर ते नेमके हेच नव्हे काय?

वेळ कोठून आणावयाचा, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि तो अगदीच निराधार नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे आकाश फाटलेले असते. पाठोपाठ सत्रपरीक्षा येतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा ठरल्या, की त्यापूर्वी निवड उरकणे भाग पडते. बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा संचालक एकच असतो; संघ निवडणे, साहित्य राखणे, प्रवासाची सोय पाहणे आणि परीक्षेची कामे सांभाळणे हे सारे त्याच्याच माथी. ही ओढाताण आम्ही जाणतो. पण गोव्याचे एकूण क्षेत्रफळच ३,७०२ चौरस किलोमीटर. गट भौगोलिक जवळिकीने पाडले, तर पेडणे, म्हापसा व सांखळीच्या संघांना परस्परांशी, आणि काणकोण, केपे व मडगावच्या संघांना परस्परांशी एका दुपारीत खेळून परतता येईल. ठरावीक वार राखून ठेवावा, टेबल टेनिस, बॅडमिंटन, बुद्धिबळ हे छपराखालचे खेळ पावसाळ्यातच आटोपावेत आणि कोरडे दिवस मैदानी खेळांसाठी मोकळे ठेवावेत. वेळापत्रक जूनमध्येच हाती पडले, तर परीक्षा विभागाशी तंटाही उद्भवणार नाही.

मैदानांचा प्रश्न मात्र सरकारने मनावर घेतल्याविना सुटणारा नाही. २०१४ साली येथे लुसोफोनिया क्रीडास्पर्धा झाल्या. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे यजमानपद गोव्याने भूषविले. त्या निमित्ताने बांबोळीची धावपट्टी, ताळगाव पठारावरील बंदिस्त क्रीडागृह, फातोर्ड्याचे स्टेडियम यांवर जनतेचा पैसा सढळ हाताने खर्च झाला. पाहुणे आले आणि गेले. वास्तू येथेच राहिल्या. लग्नासाठी घातलेला मांडव दुसऱ्या दिवशी उतरवितात, पण घर बांधले ते राहण्यासाठीच. महाविद्यालयीन स्पर्धांसाठी या वास्तूंतील ठरावीक दिवस विनामूल्य राखून ठेवणे सरकारला जड जाऊ नये. धावपट्टीवर पहिल्यांदा पाऊल ठेवावयाचे ते थेट निवड चाचणीच्याच दिवशी, ही पाळी कोणाही विद्यार्थ्यावर येता कामा नये.

मुलींच्या बाबतीत तर अधिक जागरूकता हवी. दूरच्या तालुक्यातील लहान महाविद्यालयाला अकरा मुलींचा फुटबॉल संघ उभा करणे कठीण जाते; सराव लांबला तर शेवटच्या बसची चिंता, घरच्यांची नाराजी. संघच उतरला नाही, तर त्यातील दोन-तीन गुणी मुलींना निवडीची संधीही मिळत नाही. शेजारच्या दोन लहान महाविद्यालयांना संयुक्त संघ उतरविण्याची मुभा का असू नये? नियमात बसत नसेल, तर नियम बदलावा. नियम खेळासाठी असतात. खेळ नियमांसाठी नव्हे.

शेवटी प्रश्न उरतो तो मोजमापाचा. महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत किती चषक मिळाले याची नोंद ठळकपणे होते. आमची सूचना अशी, की त्याच पानावर आणखी एक आकडा छापावा : यंदा किती विद्यार्थी महाविद्यालयातर्फे खेळले आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती सामने आले. चषक एकालाच मिळतो. खेळ सर्वांना मिळू शकतो. अनुदान देतानाही विद्यापीठाने व सरकारने याच आकड्याकडे पाहावे.

गोमंतकाने देशाला फुटबॉलपटू दिले, ते गावोगावच्या शेतांत आणि चर्चसमोरच्या मोकळ्या जागांत रोज संध्याकाळी खेळून तयार झाले. वर्षातून एकदा खेळून कोणी खेळाडू झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. विद्यापीठ लहान आहे म्हणून आपले यश मर्यादित, असे म्हणत बसण्यापेक्षा, लहान आहे म्हणूनच आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मैदानावर आणणे शक्य आहे, असे विद्यापीठाच्या धुरीणांनी म्हणावे. येत्या हंगामात गटवार साखळीचा प्रयोग निदान एका खेळापुरता करून पाहावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.