थोड्या पाण्यात फुलणारी रंगीत बाग

मार्च उजाडला, की बागेची हौस असणाऱ्या घरांत एकच चिंता सुरू होते. नळाला पाणी दिवसाआड, टँकरची वाट पाहायची, मग बादलीभर पाणी झाडांना घालायचे तरी कसे? बंगळूर शहरात तर मार्च २०२४ मध्ये पिण्याचे पाणी बागेला घालण्यास बंदी झाली आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरला. तेव्हा बागेची हौस सोडूनच द्यावी का? मुळीच नाही. हिरवळ आणि नाजूक हंगामी फुलझाडे पाणी फार पितात. त्यांच्याऐवजी काटक झुडपे निवडली, तर थोड्या पाण्यातही अंगण बाराही महिने रंगीत राहते.

कोणती झाडे निवडाल?

उन्हाळ्याची राणी म्हणजे बोगनवेल. जांभळी, गुलाबी, केशरी, पांढरी अशा अनेक रंगांत ती मिळते. तिला रोज पाणी दिले तर नुसता पाला वाढतो. माती सुकू दिली की मात्र ती रंगांनी लगडते. बहर ओसरल्यावर छाटणी केली, की नव्या फुटव्यांवर पुन्हा फुले येतात.

चाफा आपल्या जाड फांद्यांत पाणी साठवून ठेवतो. पाने गळली म्हणून झाड वाळले असे समजू नका. कुंडीत लावायचे तर अडेनियम उत्तम. त्याच्या फुगीर बुंध्यातही पाण्याचा साठा असतो.

पावसाळ्यात लाल-पिवळा शंकासुर फुलतो. थंडीत आपली जुनी कोरांटी पिवळ्या, जांभळ्या फुलांनी बहरते. टेकोमाचे पिवळे घोस आणि सदाफुली तर जवळजवळ वर्षभर साथ देतात. निळा रंग हवा असेल तर रोपवाटिकेत प्लंबागो मागा. हे सारे उन्हाचे सोबती आहेत. सावलीत लावल्यास फुले कमी येतात.

लहान मुले असतील तर

कण्हेर अतिशय काटक आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बिया तर प्राणघातक ठरू शकतात. अडेनियमचा चीकही विषारीच. घरात रांगते मूल किंवा पाळीव जनावर असेल तर ही झाडे टाळलेलीच बरी. छाटणी केल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा.

पाणी देण्याची रीत

रोप पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. चार महिन्यांत मुळे मातीत चांगली रुजतात. तरीही पहिल्या उन्हाळ्यात त्याला नियमित पाणी द्यावेच लागते. काटकपणा दुसऱ्या वर्षापासून दिसू लागतो.

रोज वरवर शिंपडलेले पाणी उन्हात उडून जाते आणि मुळेही वरच्या थरातच राहतात. त्यापेक्षा जमिनीतल्या झाडाला काही दिवसांच्या अंतराने, पण भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी घाला. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची असावी. कुंडीतली माती मात्र लवकर सुकते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्या.

बुंध्याभोवती दोन-तीन इंच वाळक्या पालापाचोळ्याचा थर पसरा, म्हणजे ओल टिकते. तो बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते. कपड्यांचे साबणाचे पाणी नको. जास्त आणि कमी पाण्याची झाडे वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावा, म्हणजे एकाच्या तहानेपायी दुसऱ्याची मुळे कुजणार नाहीत.

सुरुवात कशी कराल?

सगळी बाग एकदम उपटून टाकू नका. यंदा एक बोगनवेल, एक शंकासुर आणि दोन-चार कोरांट्या लावून पाहा. कोरांटीची फांदी शेजारणीकडूनही मागून आणता येते. पुढच्या उन्हाळ्यात बादली कमी लागेल, आणि फाटकाशी आलेला पाहुणा मात्र रंग पाहूनच क्षणभर थांबेल.