रोजची यंत्रे – लेखांक ११ : बटणांचा फोन

मागच्या आठवड्यात आपण विहिरीवरच्या मोटरीपर्यंत आलो होतो. आज त्या मोटरीला घरून हाक मारणाऱ्या फोनकडे वळू.

रावेर तालुक्यात माझ्या मामांची केळीची बाग आहे. त्यांच्या बंडीच्या खिशात बटणांचा फोन असतो. त्यावरचे आकडे केव्हाच पुसले आहेत. पाचाच्या बटणावरचा बारीक उंचवटा तेवढा शाबूत आहे, त्यावर अंगठा टेकवून मामा बाकीचे आकडे न बघता दाबतात. घरात मुलाचा टचफोन आहे, पण बागेत जाताना ते तो नेत नाहीत. कारण केळीचा चीक. घड कापताना हात चिकाने आणि पाण्याने माखतात. टचफोनची काच बोटामुळे विद्युतभारात होणाऱ्या अगदी सूक्ष्म बदलावरून स्पर्श ओळखते, त्यामुळे पाण्याचा थेंबही तिला चकवतो. बटणाखाली मात्र नुसती एक घुमटी असते. ती दबली की खालची जोडणी पूर्ण होते, मग हात ओला असो की चिकट.

आता मोटरीचं. शेतीला थ्री फेज वीज अनेक वर्षं आलटून-पालटून मिळत आली आहे, एका आठवड्यात दिवसा आठ तास, तर दुसऱ्यात रात्री दहा तास. धुळ्याकडे रात्री एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘लाईट उनी का?’, म्हणजे ‘लाईट आली का?’, हाच. पूर्वी त्या उत्तरासाठी अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जावं लागे. पायाखाली साप, केळीच्या दाट बागांमध्ये बिबट्याची भीती. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० या फोनला टॉर्च होती आणि धूळ आत जाऊ न देणारी बटणं होती. जगात त्याचे पंचवीस कोटींच्या आसपास नग खपले. आपल्याकडे तो इतका का चालला, हे रात्री पाणी भरलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे मोबाइल स्टार्टर आला. स्टार्टरशेजारी एक पेटी बसवतात, त्यात सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावला की पेटी फोन उचलते. मग ठरलेलं बटण दाबायचं. प्रत्येक बटणाचा सूर दोन कंपनसंख्यांचा मिळून बनतो. १ दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, ५ दाबलं की ७७० आणि १३३६. असे दोन ठरलेले सूर नेमके एकदम बोलण्यात सहसा येत नाहीत, म्हणून पेटीची गफलत होत नाही. सूर ओळखला की रिले ओढला जातो आणि मोटर सुरू होते. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही.

अशा फोनचं चार्जिंग चार-पाच दिवस पुरतं, त्याचंही कारण साधं आहे. पडदा लहान आणि बहुतेक वेळ बंद. शिवाय टूजी फोन सतत टॉवरकडे कान लावून बसत नाही. साधारण अर्ध्या ते दोन सेकंदांनी क्षणभर जागा होतो, आपल्यासाठी हाक आहे का ऐकतो आणि पुन्हा झोपतो.

मेसेजचं गणित मराठी माणसाने मुद्दाम समजून घ्यावं. एका मेसेजला १४० बाइट जागा असते. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणजे फक्त सत्तर. त्यात काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मुक्ताईनगर’ आपल्या डोळ्यांना सहा अक्षरी, फोनच्या हिशेबात दहा. आपल्या लेकरांना मराठी रोमन लिपीत लिहायची सवय लागली, त्यात या सत्तराच्या मर्यादेचा आणि मराठी बटणं नसलेल्या फोनांचा वाटा आहे, असं मला वाटतं. तरी ‘लाईट आली, मोटर चालू कर’ हे वाक्य बावीस चिन्हांत बसतं. समोरच्याचा फोन रेंजबाहेर असेल तर मेसेज कंपनीच्या केंद्रात थांबतो. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज येते-जाते, तिथे हा थांबणारा निरोप कॉलपेक्षा भरवशाचा.

जुना टूजी फोन किंवा टूजी पेटी जिओच्या सिमवर चालत नाही, कारण त्या कंपनीचं टूजी जाळंच नाही. पेटी घेताना हे आधी विचारा.

खरा अन्याय रिचार्जमध्ये होत आला. ज्या फोनमध्ये इंटरनेट नाही, त्याच्यासाठीही डेटासकट पॅक घ्यावा लागे. एक खिशातला, एक विहिरीवरचा, असे दोन नंबर चालवणाऱ्याला हा भुर्दंड दुप्पट. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचा पॅक ठेवणं बंधनकारक केलं, आणि असे पॅक ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे देण्याची मुभा दिली. दुकानदार आपणहून तो पॅक सांगेलच असं नाही. घरात बटणांचा फोन किंवा मोबाइल स्टार्टर असेल, तर पुढच्या रिचार्जला ‘डेटा नको, फक्त कॉल-मेसेजचा पॅक दाखवा’ असं स्पष्ट सांगा, आणि शेजारच्या आजीबाईंच्या फोनसाठीही तोच मागा.