लाथ आधी, हाड नंतर

शुभांशु शुक्ला अंतराळातून परतले आणि झिजणाऱ्या स्नायूंची, ठिसूळ होणाऱ्या हाडांची चर्चा पुन्हा रंगली. वापर थांबला की शरीर खंगतं, हे महिनाभर प्लास्टरमध्ये राहिलेला पाय पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. खरी गंमत दुसऱ्या टोकाला आहे. हालचालीवाचून काही हाडं मुळात घडतच नाहीत.

कोंबडीच्या अंड्यातला गर्भ चौथ्या दिवसाच्या आसपासच वळवळू लागतो. १९६६ मध्ये ड्रॅकमन आणि सोकोलॉफ यांनी औषध देऊन ही वळवळ थांबवली. सांध्यांत पोकळीच झाली नाही, हाडांची टोकं जुळलेलीच राहिली आणि घोट्याच्या सांध्यामागचं छोटं हाड तर तयारच झालं नाही. जनुकं मात्र जागच्या जागी होती! स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या दोषामुळे आईच्या पोटात हलू न शकलेली बाळंही आखडलेले सांधे घेऊन जन्माला येतात.

व्हिएन्नाच्या गेर्ड म्युलर यांनी एका भलत्याच किरकोळ हाडाचा पिच्छा पुरवला. तंगडी खाताना जाड नळीला चिकटलेली, सुईसारखी टोचणारी काडी हाती लागते, तेच हे हाड. नळीशी ते जिथे जोडलं जातं, तिथे एक छोटा कंगोरा असतो. गर्भ निश्चल केला की तो कंगोरा होत नाही. मांसाहारी डायनोसॉरांच्या पायातही हाच कंगोरा सापडतो. म्युलर यांचा तर्क असा, की त्या वंशात काडी बारीक होत गेली, पण स्नायूची ओढ कायम राहिली. त्या ताणाने मधल्या ऊतीत कूर्चा धरली आणि पुढे तिचं हाड झालं. जीवाश्माला औषध टोचून पाहता येत नाही, हे खरं. तरी मला हा तर्क पटतो, कारण इतक्या कोटी वर्षांनंतरही प्रत्येक पिल्लाला तो कंगोरा अंड्यात पाय झाडूनच मिळवावा लागतो.

या मानाने २०१४ मधल्या ‘चालणाऱ्या माशा’चा गाजावाजा जरा अतिच झाला. एमिली स्टँडन आणि सहकाऱ्यांनी हवेत श्वास घेऊ शकणारे पॉलिप्टेरस मासे आठ महिने जमिनीवर वाढवले. ते पर शरीराजवळ टेकू लागले, कमी घसरू लागले, खांद्याच्या हाडांची ठेवणही बदलली. प्रयोग सुंदर, पण तो एकाच पिढीचा. पुढच्या पिढीत यातलं काही उतरतं का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. मथळ्यांनी मात्र माशाला थेट किनाऱ्यावर चढवून टाकलं.